अर्जातली मंडई

माझं नाव परसराम. माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. तो नाकाच्याही दोन बोटं पुढे असतो. माझी बायको सत्यभामा तर पाहुण्यांना चहाच्या आधी हेच सांगते, "यायच्यासंग जपून बोला जी, लवकर भडकते हा मानूस."

भडकतो मी, कबूल. पण लिहितोही मीच. लाखांदूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात त्या काळी सरकारला समजेल असा अर्ज लिहिणारा मी एकटा. विहिरीचा अर्ज, एसटीच्या थांब्याचा अर्ज, शाळेच्या गळक्या कौलांचा अर्ज, सारे माझ्या हातचे. तोंडानं मी आमची झाडीबोलीच बोलतो, पण हाती टाक आला की माझी भाषा इस्तरी करून बाहेर पडते. त्याचा मला गर्व होता. आणि त्या गर्वापायीच सत्त्याहत्तर साली मी गावाची मंडई बुडवायला निघालो होतो.

मंडई म्हणजे काय हे आमच्या झाडीपट्टीत कोणाला सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की गावोगावी मंडया भरतात. एकेका गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसते, चिवड्याची न् बांगड्यांची दुकानं लागतात, आणि मैदानात ढोलकीवर नाचगाण्याची दंडार होते, उभ्यानं सोंगं करायची खडी गंमत होते, नाटक होतं. आमची मंडई तलावाच्या पारीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या मैदानात भरायची. दरवर्षी नाटकवाल्यांसाठी मातीचा ओटा घालायचा, पावसाळ्यात तो विरघळायचा, पुन्हा घालायचा. सरपंच बाबुलाल म्हणाला, "परसरामभाऊ, एक अर्ज टाका ना सरकारले. पक्का ओटा देऊन टाका म्हना."

मी टाकला. अजून पाठ आहे मला: "आमचे गावची मंडई फार जुनी असून पंचक्रोशीतील लोक येतात. तरी मंडईकरिता पक्के ओटे व लोकांचे बसण्याची सोय व्हावी, ही नम्र विनंती." काय चुकलं सांगा! मंडई दिवाळीनंतर भरते, तिथं दंडार होते, हे कायले लिहायचं? मग सूर्य पूर्वेकडून उगवतो हेही लिहू काय?

वर्षभरानं मंजुरीचा कागद आला. ग्रामपंचायतीत पन्नास माणसांसमोर मीच तो मोठ्यानं वाचला. "मौजे अमुक येथे भाजी मंडई बांधणे. चोवीस ओटे. मधोमध पत्र्याची शेड."

भाजी मंडई!

नंतर कळलं, तिकडे पुण्या-साताऱ्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. कागद पास करणारे साहेब तिकडचे. त्यांनी ओटे वाचले, मंडई वाचली, आणि डोळ्यांपुढे वांगी-टमाटर आले. पण त्या घडीला मला काही सुचेना. आमच्या गावात भाजी विकत घेतो कोण? प्रत्येकाच्या घरामागे सांदवाडी आहे, सांदवाडीत वाल आहे, भेदरं म्हणजे टमाटर आहेत, कोहळ्याचा वेल छपरावर चढलेला आहे. आणि जागा कोणती दिली होती? तेच मैदान. मधोमध शेड आली की दंडार नाचणार कुठं, लोक बसणार कुठं? जागाच संपली. अन् मंजुरी परत करावी तर पुढच्या दहा अर्जांना हे लोक विचारणार नाहीत, असं बाबुलालचं म्हणणं.

एक म्हातारा म्हणाला, "परसराम, तुवा मंडईले भाजी केली बे." झालं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव भाजीराव पडलं. लहान लेकरंसुद्धा मला पाहून "टमाटर घ्या" म्हणून पळायची. मी कोणाकोणाच्या मागे धावणार? घरी येऊन जेवलो नाही. सत्यभामा म्हणाली, "अर्ज लिवतेवेळी मले वाचून दाखवला असता तर म्या सांगितलं असतं." मी तिच्यावरही ओरडलो. पण तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त ओरडलो.

महिनाभरात मोजमाप करायला माणूस आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोट्टा, बारीक अंगाचा, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, सायकलला बांधलेली नकाशाची लांब नळी. नाव इश्वर. नागपूरच्या कॉलेजातून आर्किटेक्ट होऊन वर्षच झालेलं. आमच्या तोंडात आर्किटेक्ट हा शब्द बसेना, म्हणून गावानं त्याला नकाशावाला म्हटलं. हे त्याचं पहिलं सरकारी काम. सोबत ठेकेदाराचा माणूस होता.

मी मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. "कायले आले जी साहेब?"

"मोजायला आलो, काका."

"हे मंडईचं मैदान आहे."

"हो, मंडईच बांधायची आहे. भाजी मंडई. फाईलमध्ये तसंच लिहिलेलं आहे." इतकं सरळ तोंड करून बोलला की तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. शिकून गाढव झालास, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. तो ऐकून घेत होता आणि टेप पुढे सरकवत होता. ठेकेदाराचा माणूस हसत होता. शेवटी माझा दम संपला तेव्हा तो म्हणाला, "काका, तहान लागली. तुमच्या घरी पाणी मिळेल का?"

आता दारी आलेल्याला पाण्याला नाही कसं म्हणायचं? घरी आणलं. सत्यभामेनं गडू दिला. पाणी प्याला, गडू खाली ठेवला, बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं, आणि एकदम आमच्या बोलीत म्हणाला, "काका, मी मोहाडीकडचा आहो. मले मंडई कायले समजावून राहिले?"

मी दार लोटून घेतलं.

"मंग मैदानात भाजी भाजी काहून करत होता बे?"

"थो ठेकेदाराचा मानूस होता ना सोबत. हे पाहा काका, हापिसात फाईल पाहिली तव्हाच मले समजलं, साहेबाचा घोटाळा झाला. मी तोंड उघडलं असतं तर काम रद्द झालं असतं. दंडारीले सरकार ओटे बांधून देत नाही. भाजीले देते. म्हनून मी चूप बसलो, आन् हे काम मांगून घेतलं."

मांगून घेतलं! मी अर्धा तास ज्याला गाढव म्हणत होतो, त्यानं आमची मंडई वाचवायला हे काम मागून घेतलं होतं. लाजेनं मला बसायचा पाटही दिसेना. सत्यभामा मात्र हसायला लागली. "आता दाखव बापा तुहा नकाशा," म्हणाली.

त्यानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर आमचे चार पेले ठेवले. सरकारनं शेड मधोमध दिली होती, ती त्यानं उचलून मैदानाच्या एका टोकाला नेली आणि तिचं जोतं छातीइतकं उंच केलं. नकाशात लिहिलं होतं, "लिलाव शेड". तो बोट ठेवून म्हणाला, "हे आपलं स्टेज." मधल्या मोकळ्या जागेला नाव होतं, "माल उतरवण्याची जागा". तिथं दंडार. आणि चोवीस ओटे पारीच्या चढाला लावून, सहा-सहाच्या चार रांगा, अर्धचंद्रासारख्या वाकवलेल्या, एकीच्या वर एक. "इथं लोक बसतीन. वर्षभर गुरुवारच्या बाजाराले बांगड्यावाले, मडकेवाले बसो ना बापडे. आपली काय ना आहे?"

नकाशातली नावं सरकारची, जागा आमची. मी आयुष्यभर शब्द लिहिले, पण शब्दांचा असा उपयोग मला सुचला नव्हता.

सत्यभामा कागदावर वाकली. "बाया लेकरं कडेवर घेऊन या ओट्यावर चढतीन कशा? उडी मारतीन काय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "चूप राय, त्याले समजते." पण इश्वरनं खिशातून खोडरबर काढला. "नाही समजलं, काकू," म्हणाला, आणि ओट्यांच्या मधून बुटक्या पायऱ्यांच्या दोन वाटा तिथंच काढल्या. त्या दिवशी मला कळलं, हा मोठा होणार. ज्याला कळत नाही म्हणायची लाज नाही, त्याचं काम पक्कं होतं.

त्याची कामाची पद्धतही न्यारीच. एका रविवारी, ठेकेदाराचा माणूस नसताना, त्यानं घरोघरून धानाच्या तनसाचे पेंढे मागवले. मळणी झालेली होती, तनसाला तोटा नव्हता. मैदानात पेंढे रचून त्यानं चार रांगांची उंची उभी केली आणि गाव त्यावर बसवलं. म्हातारे बसवले, गरोदर बाया बसवल्या, डोक्याला फेटा बांधलेले बसवले. "फेटेवाल्याच्या मांगं बसून पाहा," म्हणायचा. दिसलं नाही की मागच्या रांगेला आणखी एक पेंढा. सगळ्यात मागची रांग त्यानं चारदा उंच केली. बाबुलाल वैतागला, "आता झालं ना गा, मांगच्याले थोडं कमी दिसलं तर काय होते?" इश्वरनं ऐकलं आणि पाचवा पेंढा ठेवला.

बांधकाम सुरू झालं. मी रोज सकाळी जाऊन विटा ओल्या केल्या की नाही ते पाहायचो. न केलेल्या दिसल्या की गवंड्यांवर ओरडायचो. माझ्या रागाला पहिल्यांदाच कामधंदा मिळाला होता.

दसऱ्यानंतर निरोप आला, मोठे साहेब पाहणीला येणार. इश्वर आदल्या दिवशी सायकल दामटत आला. "काका, एकच मांगतो. उद्या तोंड उघडू नोका. तुमी बोललात आन् ही दंडारीची जागा आहे हे साहेबाले समजलं, का सारं पाडतीन."

"मी बोलतो तरी कुठं?" मी म्हणालो. सत्यभामा आणि तो एकमेकांकडे पाहून हसले.

साहेब जीपमधून उतरले. गोरे, उंच, बोलणं मोजकं. सारा गाव लांबून पाहत होता. त्यांनी ओट्यांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "हे काय आहे? ओटे एका पातळीत का नाहीत? भाजीवाली टोपली घेऊन चौथ्या मजल्यावर बसणार आहे का?"

इश्वर म्हणाला, "साहेब, जागा चढाची आहे."

"चढ सपाट करायचा होता. अंदाजपत्रकात धरलेलं होतं. शेड मधे होती, ती टोकाला कशी गेली?" साहेबांचा आवाज चढला. "हे बघ, हे मुद्दाम केलं असशील तर मी सगळं पाडून घेईन. चुकून झालं असेल तर शेरा मारून सोडून देईन. काय ते एका शब्दात सांग."

 मी पुढे सरकलो. शब्द माझा चुकला होता, अर्ज माझा होता. जिभेच्या टोकावर आलं होतं, साहेब, या पोराले काही म्हणू नका, चूक माझी आहे. तेवढ्यात सत्यभामेनं मागून हात घालून पानाचा अख्खा विडा माझ्या तोंडात कोंबला. "खाऊन घ्या," ती हळूच म्हणाली, "आन् गिळून घ्या."

इश्वरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाला, "चूक झाली साहेब. लेव्हल घेताना मी चुकलो, शेडची आखणीही चुकली."

"कॉलेजात हेच शिकवलं?"

"नाही साहेब. माझंच लक्ष नव्हतं."

ज्यानं पेंढ्या-पेंढ्यानं उंची मोजली, तो चारचौघांत म्हणत होता की माझं लक्ष नव्हतं. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवून शेरा लिहिला आणि वाचूनही दाखवला: "वास्तुशिल्पकाराच्या निष्काळजीपणामुळे कामात दोष. यापुढे काम देताना विचार व्हावा." ठेकेदाराचा माणूस पुन्हा हसला. मी पान चावत उभा होतो. मी, परसराम, ज्यानं तहसीलदाराला सुद्धा सोडलं नाही, तो त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर मंडई गेली असती. नाही बोललो तर त्या पोराचं नाव जात होतं. मी गावाकडून उभा राहिलो, आणि त्याची बोच अजून आहे.

जीप गेल्यावर मी पान थुंकलो आणि त्याला म्हणालो, "कायले केलं रे असं?" रागानंच म्हणालो, दुसरं काही मला येतच नाही.

तो चष्मा पुसत म्हणाला, "मंडई उभी राहिली ना, काका?" आणि सायकलवर बसून गेला.

त्या शेऱ्यापायी त्याला दोन वर्षं सरकारी काम मिळालं नाही. हे त्यानं कधी सांगितलं नाही, मला बाहेरून कळलं. मग मी पुन्हा टाक घेतला. साकोलीकडे मजुरांच्या बारा घरांची वस्ती व्हायची होती, त्या लोकांना मी अर्ज लिहून दिला की आम्हाला नकाशा इश्वरचाच पाहिजे. चार ओळींत मागता आलं असतं, मी चार पानं लिहिली, आणि या वेळी प्रत्येक शब्द सत्यभामेला वाचून दाखवला. काम त्याला मिळालं. सरकारी नमुन्यात घराला घर चिकटलेलं होतं. त्यानं घरं दोन-दोनच्या जोडीनं लावून प्रत्येकीच्या मागे सांदवाडी राखली. आज तिथं गेलात तर छपरांवर कोहळे दिसतात. पण ही पुढची गोष्ट. त्या वर्षीची मंडई सांगायची राहिली.

दिवाळी झाली, मंडईचा दिवस आला. दुपारी दोनपासून माणसं लोटली. चोवीसच्या चोवीस ओटे भरले, वाटांच्या पायऱ्यांवर लेकरं बसली. दंडारीवाले तयारीत होते, ढोलकी तापवणं चालू होतं. इश्वरला मी निरोप धाडला होता, आला नाहीस तर मोहाडीला येऊन उचलून नेईन. तो आला, आणि सोबत आईलाही घेऊन आला. बायजाबाई तिचं नाव. साठीची बाई, पांढरं लुगडं, धानाच्या चिखलात रोवणी करून करून वाकलेली पाठ.

मी स्टेजवर चढलो. कोणी मला बोलावलं नव्हतं, पण मला बोलवावं लागतं कधी? लोक ओरडले, "भाजीराव आला, भाजीराव!" मी हसू दिलं त्यांना. मग म्हणालो, "होय, मीच भाजीराव. अर्ज मी चुकवला. तुमची मंडई मी बुडवत होतो. आन् ज्या पोराले मी याच मैदानात गाढव म्हटलं, त्यानं थे चूक आपल्या नावावर लिवून घेतली. साहेबासमोर. तुमी साऱ्यायनं पाहिलं. मी चूप होतो, तुमीही चूप होते. आज मी चूप नाही राहात. इश्वर, तुहे उपकार आहेत बापू या गावावर. माह्यावर सगळ्यायत जास्त." पुढे बोलायचं होतं, पण नुसते हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा माझे शब्द संपले. लोक टाळ्या वाजवायला लागले ते थांबेनात.

खाली उतरून मी बायजाबाईंचा हात धरला. स्टेजसमोर ग्रामपंचायतीतून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या, पहिल्या रांगेत मधोमध. "इथं बसा माय," म्हणालो. "हा मान तुमचा."

तिनं खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही बापा. मले मांगं बसू द्या. सगळ्यायच्या मांगं."

"काहून माय? इथून मस्त दिसते."

"समोरून तं दिसंनच," ती म्हणाली. "आमी पयले गावाबाहेरच्या वस्तीतले. छप्पन साली बौद्ध झालो, पन मंडईत जागा थेच राहिली. पारीच्या पलीकडं उभं राहा लागे. चाळीस वर्सं झाली, मी मंडई आयकली आहे बापा. पाहिली नाही."

मला वाटलं कोणीतरी माझ्या कानाखाली वाजवली. ती तिच्या गावचं सांगत होती, पण आमच्या पारीपलीकडे दरवर्षी कोण उभं राहायचं हे मला ठाऊक होतं. आम्ही कोणाला हाकललं नाही, असं आम्ही म्हणायचो. पण या, बसा, असंही कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. आणि बाबुलालनं वैतागून विचारलं तेव्हाही हा पोरगा मागच्या रांगेखाली पाचवा पेंढा का ठेवत होता, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

ती पायऱ्यांच्या वाटेनं चढायला लागली. इश्वर हात द्यायला धावला, तिनं नको म्हटलं. एकेक पायरी, गुडघ्यावर हात ठेवत, चढत गेली. दंडारीवाले थांबले होते. ढोलकीवाला माझ्याकडे पाहत होता, सुरू करू काय? मी हातानं थांब म्हटलं. हजारभर माणसं मान वळवून एका म्हातारीला चढताना पाहत होती. सगळ्यात वरच्या ओट्यावर, जिथं आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या बाया त्या दिवशी पहिल्यांदा बसल्या होत्या, त्या सरकल्या, तिला जागा केली. ती बसली. लुगडं सावरलं. मग डोळ्यांवर हात धरून तिनं खालपर्यंत पाहिलं, स्टेज पाहिलं, मैदान पाहिलं.

आणि वरून ओरडली, "दिसते रे इश्वर! दंडारीवाल्यायचे पायसुद्धे दिसते! करा बापा सुरू."